आधी कोण, शेवटी कोण?

अमेरिकेच्या नौदल संशोधन कचेरीने मार्च १९५४मध्ये ‘नेव्हल रिसर्च लॉजिस्टिक्स क्वार्टर्ली’ नावाचं त्रैमासिक सुरू केलं. त्याच्या पहिल्याच अंकात, पान ६१ ते ६८वर, सेल्मर जॉन्सन या गणितज्ञाचा एक लेख आहे. दोन आणि तीन टप्प्यांच्या उत्पादनाची सर्वोत्तम वेळापत्रकं, सेटिंगचा वेळ धरून, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. असं शीर्षक वाचून कुणी सरसावून बसेल असं नाही. तरी कारखान्यातल्या कामांच्या क्रमाबद्दल गेल्या सत्तर वर्षांत जे ढीगभर गणित लिहिलं गेलं, त्याचं मूळ शोधत मागे गेलं की माणूस याच आठ पानांशी येऊन पोचतो. त्याचा हा मान असू दे. मला हा लेख आवडतो तो त्यातल्या दुर्लक्षासाठी. कशाकडे पाहायचं नाही हे जॉन्सनला फार नेमकं कळलेलं आहे, आणि एकेक गोष्ट नजरेआड करत तो उत्तरापर्यंत जातो.

प्रश्न साधा आहे. काही जॉब आहेत. प्रत्येक जॉब आधी पहिल्या मशीनवर जायचा आणि तिथून उतरला की दुसऱ्या मशीनवर. समजा आधी लेथ, मग ग्राइंडिंग. दोन्ही टप्प्यांना एकेकच मशीन, आणि एका मशीनवर एका वेळी एकच जॉब. कुठल्या जॉबला कुठे किती वेळ लागतो ते आधीच ठाऊक आहे. जॉब कोणत्या क्रमाने सोडले म्हणजे शेवटचा जॉब दुसऱ्या मशीनवरून लवकरात लवकर उतरेल? प्रश्नाला हे रूप रिचर्ड बेलमनने दिलं, हे जॉन्सन सुरुवातीलाच नोंदवतो. दोघेही कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या रँड कॉर्पोरेशनशी जोडलेले. जॉर्ज डँट्झिग, लेस्टर फोर्ड, डेल्बर्ट फुल्करसन ही मंडळीही त्याच वर्तुळातली. साधनं, माणसं आणि वेळ यांची वाटणी कशी करावी याचं गणित तेव्हा तिथे घडत होतं.

कोणत्याही मशीनशॉपच्या सुपरवायझरला हा प्रश्न रोज सकाळी पडतो आणि रोज सकाळी तो त्याचं काहीतरी उत्तर काढतोही. मोठा जॉब आधी काढून टाकू, म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. किंवा छोटे छोटे आधी, म्हणजे यादी झटपट कमी झाल्यासारखी दिसेल. किंवा (बहुतेक वेळा हेच खरं) ज्या गिऱ्हाइकाचा फोन सगळ्यात जास्त वेळा येतो त्याचा आधी. सगळे क्रम कागदावर मांडून तपासायचे म्हटलं तर ते लवकरच हाताबाहेर जातं. पाच जॉबचे क्रम १२०, दहा जॉबचे ३६,२८,८००, आणि वीस जॉबचे सुमारे २४वर सतरा शून्यं एवढे. हा हिशेबही दोन्ही मशीनवर क्रम एकच राहील असं धरून. पहिल्या मशीनवर एक क्रम आणि दुसऱ्यावर वेगळा अशी मुभा दिली, तर पाच जॉबच्याच शक्यता १४,४०० होतात.

ही मुभाच जॉन्सन पहिल्या पायरीवर काढून घेतो. समजा दोन मशीनवरचे क्रम वेगळे आहेत. मग पहिल्या मशीनवर कुठेतरी असे दोन शेजारी सापडतीलच, की जे दुसऱ्या मशीनवर उलट्या क्रमाने जाणार आहेत. पहिल्या मशीनवर त्या दोघांची अदलाबदल करून टाका. जो दुसऱ्या मशीनवर आधी जाणार होता तो आता लवकर मोकळा होतो. ज्याला मागे सारलं त्याचं काही बिघडत नाही, कारण दुसऱ्या मशीनवर त्याला तसंही पहिल्याच्या मागेच उभं राहायचं होतं. अशा अदलाबदली करत गेलं की दोन्ही क्रम एक होतात आणि वेळ कधीच वाढत नाही. म्हणजे वेगवेगळ्या क्रमांचा विचारच करायला नको. १४,४००चे १२० झाले, तेही एकाही आकड्याला हात न लावता.

दुसरी पायरी मला लेखातली सगळ्यात देखणी वाटते. दुसऱ्या मशीनवरचं काम एकूण किती तास आहे ते ठरलेलंच आहे. क्रम बदलून ते कमी होणार नाही. कमी होऊ शकतो तो फक्त खोळंबा: समोर जॉब नाही म्हणून दुसरं मशीन रिकामं बसतं तो वेळ. आता हा खोळंबा एका ठिकाणी नसतो. सकाळी थोडा, मग दोन जॉबच्या मध्ये थोडा, दुपारी पुन्हा थोडा, असा तो विखुरलेला असतो, आणि आधीचा खोळंबा किती झाला यावर पुढचा अवलंबून असतो. ही गुंतवळ जॉन्सन एका ओळीत सोडवतो. प्रत्येक जॉबसाठी एक वजाबाकी करायची: त्या जॉबपर्यंत, तो धरून, पहिल्या मशीनवर गेलेला एकूण वेळ, उणे त्याच्या आधीच्या जॉबना दुसऱ्या मशीनवर लागणारा एकूण वेळ. अशा सगळ्या वजाबाक्यांतली जी सर्वांत मोठी, तेवढाच दिवसभराचा एकूण खोळंबा. विखुरलेल्या तुकड्यांची बेरीज करायलाच नको. सगळ्यात अडचणीची एक जागा शोधायची, बाकीच्या जागा तिच्या पोटात आपोआप येतात.

आणि मग ती अदलाबदल, जिच्यावर सगळा लेख उभा आहे. क्रमातले शेजारचे कोणतेही दोन जॉब घ्या आणि त्यांच्या जागा बदला. फक्त त्या दोघांच्याच वजाबाक्या बदलतात. पंढरपूरच्या दर्शनबारीत मागेपुढे उभ्या असलेल्या दोघांनी जागा बदलली तर त्यांच्या पुढच्यांना आणि मागच्यांना काय फरक पडणार? तसंच हे. म्हणून वीस जॉबच्या अगडबंब प्रश्नातून एका वेळी दोनच जॉब आणि त्यांचे चारच आकडे समोर उरतात. त्यांची तुलना केली की जॉन्सनची अट हातात येते: पुढच्याचा पहिल्या मशीनवरचा वेळ आणि मागच्याचा दुसऱ्या मशीनवरचा वेळ, यांतला लहान आकडा घ्या. मग हीच जोडी उलटी धरून, म्हणजे मागच्याचा पहिल्यावरचा आणि पुढच्याचा दुसऱ्यावरचा, यांतला लहान घ्या. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर क्रम आहे तसा ठेवा. मोठा असेल तर बदला.

शेजाऱ्यांची अदलाबदल हा या लेखकाचा आवडता डाव असावा असं त्याचं पुढचं काम पाहून वाटतं. १९६३मध्ये त्याने शेजारच्या दोघांच्याच जागा बदलत बदलत एका यादीचे सगळे क्रम एकेकदा कसे गाठता येतात यावर लेख लिहिला. ती पद्धत आज स्टाइनहाउस आणि ट्रॉटर यांच्या जोडीने त्याच्या नावावर आहे. त्याआधी १९५९मध्ये फोर्डबरोबर त्याने कमीत कमी तुलना करून यादी क्रमाने लावायची एक रीत दिली होती. आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न या माणसाने आयुष्यभर निरनिराळ्या बाजूंनी विचारलेला दिसतो.

शेजाऱ्यांची तुलना पुरेशी आहे हे सांगायला आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. पहिला दुसऱ्याच्या आधी हवा, दुसरा तिसऱ्याच्या आधी हवा, तर पहिला तिसऱ्याच्याही आधी हवा का? हे गृहीत धरता येत नाही, विशेषतः आकडे सारखे असले की इथे पाय घसरू शकतो. जॉन्सन तो भाग नीट बांधतो. वाचताना तो थोडा कंटाळवाणा वाटतो, पण तो नसता तर बाकीच्या चातुर्याला अर्थ नव्हता.

आता नियम. सगळ्या जॉबचे दोन्ही मशीनवरचे वेळ दोन रकान्यांत लिहा. दोन्ही रकाने मिळून सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या रकान्यात सापडला तर तो जॉब सर्वांत आधी. दुसऱ्या रकान्यात सापडला तर तो जॉब सर्वांत शेवटी. त्या जॉबचे दोन्ही आकडे खोडा आणि उरलेल्यांवर हेच पुन्हा करा. रांग दोन्ही टोकांकडून भरत येते आणि शेवटचा उरलेला जॉब मधल्या मोकळ्या जागेत बसतो. संपलं. पेन्सिल आणि खोडरबर एवढ्यावर कुणीही हे करू शकेल.

लेखातलं उदाहरण पाच जॉबचं आहे. पहिल्या मशीनवरचे वेळ ओळीने ४, ४, ३०, ६, २ आणि दुसऱ्यावरचे ५, १, ४, ३०, ३. सर्वांत लहान आकडा १, तो दुसऱ्या जॉबचा आणि दुसऱ्या मशीनवरचा, म्हणून दुसरा जॉब शेवटी. मग २, तो पाचव्याचा पहिल्या मशीनवरचा, म्हणून पाचवा सुरुवातीला. उरलेल्यांत ४ दोन ठिकाणी आहे: पहिल्या जॉबचा पहिल्या मशीनवर, तिसऱ्याचा दुसऱ्यावर. पहिला पुढच्या टोकाला, तिसरा मागच्या टोकाला. मध्ये राहिला चौथा. क्रम ठरला: ५, १, ४, ३, २. एकूण वेळ ४७, दुसऱ्या मशीनचा खोळंबा फक्त ४. हाच क्रम मी उलटा लावून हिशेब केला, तर काम ७८वर जाऊन संपतं आणि खोळंबा ३५ होतो. तेच जॉब, तीच मशीनं, तेच कामगार.

या उदाहरणात आकडे कसे निवडलेत ते पाहण्यासारखं आहे. त्यात दोन राक्षसी जॉब आहेत. चौथा दुसऱ्या मशीनवर ३० घेतो, तिसरा पहिल्या मशीनवर ३०. कोणत्याही सुपरवायझरची नजर आधी या दोन तीसांवर जाईल. जॉन्सनचा नियम त्यांच्याकडे एकदाही पाहत नाही. तो १ पाहतो, २ पाहतो, ४ पाहतो, आणि तेवढ्यात काम संपतं. आणि वेळापत्रक मांडल्यावर काय दिसतं? चौथा जॉब दुसऱ्या मशीनवर १२ ते ४२ चालतो, आणि तिसरा जॉब पहिल्या मशीनवर, तोही १२ ते ४२. दोन्ही मोठी कामं एकावर एक बरोब्बर पडतात, मिनिटाचाही फरक नाही. ज्यांची सगळ्यात जास्त काळजी होती त्यांना नियमाने हातही लावला नाही आणि ती जागच्या जागी बसली.

लहान कामं आधी करावीत हे शहाणपण जुनंच आहे. जॉन्सनच्या नियमाने त्याला दुसरी बाजू जोडली. सुरुवातीला दुसरं मशीन रिकाम्या हाताने वाट पाहत असतं, म्हणून पहिल्यावरून झटकन उतरेल असा जॉब आधी. शेवटी पहिल्या मशीनचं काम आटोपलेलं असतं आणि सगळे दुसऱ्याकडे डोळे लावून बसतात, म्हणून दुसऱ्यावर झटकन होईल असा जॉब शेवटी. सबंध दिवस उलटा चालवून पाहिला तर दोन मशीनच्या भूमिका अदलाबदल होतात आणि नियम तसाच राहतो.

४७पेक्षा कमी का नाही, हे या उदाहरणात सिद्धतेशिवायही दिसतं. पहिल्या मशीनवरचं सगळं काम ४६ आहे. शेवटचा जॉब तिथून उतरला की तो दुसऱ्यावर निदान १ तरी घेणारच. ४६ आणि १, सत्तेचाळीस. यापेक्षा लवकर कुणालाच जमणार नाही. दर वेळी उत्तर असं तळाला टेकत नाही. इथे ते टेकतं, आणि निवडलेल्या आकड्यांमध्ये लेखकाची थोडी नजाकत आहे असं मला वाटतं.

माझी तक्रार आहे ती शीर्षकातल्या शेवटच्या शब्दांबद्दल. ‘सेटिंगचा वेळ धरून’ वाचून कारखान्यातला माणूस कान टवकारेल, कारण त्याचा निम्मा जीव सेटिंगमध्ये, म्हणजे मशीन पुढच्या जॉबसाठी तयार करण्यात, जातो. पण लेखात सेटिंगचा वेळ सरळ कामाच्या वेळेत मिळवला आहे, बस. पुढचा जॉब यायच्या आधीच दुसऱ्या मशीनवर सेटिंग करून ठेवता येतं, ही रोजची गोष्ट त्यात बसत नाही. योशिदा आणि हितोमी यांनी १९७९मध्ये सेटिंगचा वेळ वेगळा काढून याच नियमाचं सुधारलेलं रूप दिलं. त्याहून अवघड अडचण वेगळीच आहे. सेटिंगला किती वेळ लागेल हे अनेकदा आधीचा जॉब कोणता होता यावर ठरतं. रंगकामात पांढऱ्यानंतर काळा लावायला फारसं धुवावं लागत नाही, काळ्यानंतर पांढरा लावायचा तर सगळं साफ करावं लागतं. अशा ठिकाणी जॉन्सनचा नियम गप्प बसतो, कारण जागा बदलणाऱ्या दोघांमुळे आता पुढच्या-मागच्यांनाही फरक पडू लागतो. उरतो तो प्रश्न फिरत्या विक्रेत्याचा: सगळी गावं एकेकदा घेऊन कमीत कमी अंतरात घरी कसं परतायचं. मौज अशी की त्याच १९५४ साली डँट्झिग आणि फुल्करसन यांच्याबरोबर अमेरिकेतल्या ४९ शहरांसाठी तो प्रश्न सोडवणारा तिसरा माणूस हाच सेल्मर जॉन्सन. तिथे असा कुठला सुटसुटीत नियम सापडला नाही. समीकरणं मांडायची, उत्तर वेडंवाकडं आलं की ते वगळणारी नवी अट घालायची, पुन्हा सोडवायचं. आज मोठ्या कारखान्यांचं प्लॅनिंग करणारी सॉफ्टवेअरं आतून बऱ्याच अंशी याच वळणाने चालतात.

तीन टप्प्यांकडे येताना लेखाचा सूर बदलतो. तिन्ही मशीनवर क्रम एकच ठेवला तरी चालतं एवढं जॉन्सन दाखवतो. (चार मशीनला हेही खरं राहत नाही.) पण नियम सांगायला त्याला अट घालावी लागते: मधल्या मशीनवरचा मोठ्यात मोठा वेळसुद्धा पहिल्या मशीनवरच्या लहानात लहान वेळेपेक्षा, किंवा तिसऱ्यावरच्या लहानात लहान वेळेपेक्षा, जास्त नसावा. असं असेल तर मधल्या मशीनपाशी रांग साचून अडथळा होत नाही. मग पहिल्या दोन मशीनच्या वेळांची बेरीज एक काल्पनिक मशीन आणि शेवटच्या दोन मशीनच्या वेळांची बेरीज दुसरं काल्पनिक मशीन असं समजून जुनाच नियम लावायचा. युक्ती छान आहे, पण अट मोडली की तीही हातात राहत नाही, आणि जॉन्सन तसा दावाही करत नाही.

त्याने जिथे हात आखडला तिथे खरोखरच कडा होता, हे कळायला बावीस वर्षं लागली. १९७६मध्ये मायकेल गॅरी, डेव्हिड जॉन्सन (हा जॉन्सन वेगळा) आणि रवी सेठी यांनी दाखवलं की तीन मशीनचा सर्वसाधारण प्रश्न गणितातल्या त्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या गटात मोडतो, ज्यांपैकी एकालाही झटपट पद्धत सापडली तर सगळ्यांनाच सापडेल आणि आजवर एकालाही सापडलेली नाही. सेठी म्हणजे कंपायलरच्या त्या ड्रॅगनवाल्या पुस्तकाच्या लेखकांपैकी एक, हे संगणकाच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. त्याच वर्षी टेओफिलो गोन्झालेस आणि पुण्यात जन्मलेले सरताज साहनी यांनी आणखी एक प्रकार तपासला. त्यात जॉब आधी कोणत्या मशीनवर जावा याचंही बंधन नव्हतं. तिथेही तेच निघालं: दोन मशीनपर्यंत सोपं, तीनपासून अवघड. आणि प्रत्येक जॉबचा मशीनचा मार्ग वेगळा असेल तर विचारूच नका. दहा जॉब आणि दहा मशीनचा एक प्रश्न फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३मध्ये छापला. ९३० हेच त्याचं सर्वोत्तम उत्तर, हे फ्रान्सच्या कार्लिए आणि पॅन्सों यांनी १९८९मध्ये सिद्ध करेपर्यंत तो पाव शतक लटकत होता.

या सुंदर लेखाचा एक तोटाही झाला. १९९२मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’मध्ये डूडेक, पानवलकर आणि स्मिथ या तिघांनी (मधल्या आडनावाशी मराठी वाचक क्षणभर थांबेलच) या शाखेचा जमाखर्च मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जॉन्सनच्या एका लेखाने संशोधनाची लाट उठवली, तिच्यात कित्येक माणसांची कित्येक वर्षं गेली, आणि ज्या प्रश्नासाठी ती गेली तो सुटण्यासारखा नव्हता आणि कारखान्यांना फारसा हवाही नव्हता. हे कडू असलं तरी बरंचसं खरं आहे. प्रत्यक्षात मशीन बिघडतं, माल वेळेवर येत नाही, ऑपरेटर रजेवर जातो, मालकाला सगळं काम कधी संपेल यापेक्षा अमुक ऑर्डर शनिवारी निघेल का याची चिंता असते. जॉन्सनच्या लेखात यातलं काही नाही. तरी त्याचा दोष मी लेखाला देणार नाही. दोन मशीनचा प्रश्न त्याने संपवला होता. दोनच्या सोपेपणावरून तीन, पाच, पन्नास मशीन सोपी होतील अशी आशा वाचकांनी बांधली.

नियमाला पुढे काम मिळालं ते निराळ्याच खात्यात. अनेक मशीनचा प्रश्न संगणकावर सोडवताना क्रमांचं एक झाड कल्पितात. पहिला जॉब कोणता यावरून मोठ्या फांद्या, दुसरा कोणता यावरून त्यांच्या उपफांद्या, असं. प्रत्येक फांदीवर विचारायचं: इथून पुढे कितीही चांगलं जमलं तरी निदान किती वेळ लागेलच? तो आकडा आतापर्यंत सापडलेल्या उत्तराइतका किंवा त्याहून मोठा आला तर ती फांदी तोडायची. वरच्या उदाहरणातलं ४६ अधिक १ हा असाच अंदाज होता. त्याहून घट्ट अंदाज हवा तर लागेवेग, लेन्स्ट्रा आणि रिनोय कान यांनी १९७८मध्ये सांगितल्याप्रमाणे कोणतीही दोन मशीनं निवडायची, आणि बाकीच्या मशीनवर हवे तेवढे जॉब एकाच वेळी चढवता येतात असं मानायचं. मग मधल्या मशीनवरचा वेळ म्हणजे नुसती वाट पाहणं उरतं आणि प्रश्न पुन्हा दोन मशीनचा होतो. वाट पाहण्याचा वेळ धरून नियम कसा लावायचा ते १९५९मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये मिटनने मांडलं होतं. त्याच अंकात त्यावर चर्चा लिहिली आहे सेल्मर जॉन्सनने. मधल्या पाच वर्षांत बाकीचे तिसऱ्या मशीनशी झुंजायला निघाले होते, आणि तो पुन्हा दोनच मशीन घेऊन बसला होता.